उन्हातील दीर्घ ट्रेल अल्ट्रा : मुंबईकर धावपटूने तयारी कशी करावी

मुंबईतील धावपटूंमध्ये एक समज पक्का रुजलेला आहे. आपण बारा महिने घामाने निथळत असतो, तेव्हा उन्हातील शर्यतीची तयारी आपोआप होतच असते, असे अनेकांना वाटते. हा समज बहुतांशी चुकीचा आहे. पहाटे साडेचारला मरीन ड्राइव्हवर धावणारा, ऊन चढण्यापूर्वी घरी परतणारा, वातानुकूलित कचेरीत दिवस काढणारा आणि रात्री एसी लावून झोपणारा मनुष्य दिवसभराच्या उष्णतेपासून मोठ्या कौशल्याने दूर राहिलेला असतो. त्याला दमटपणाची सवय असते. पन्नास किलोमीटर झाल्यानंतर, दुपारी एक वाजता, तापलेल्या कातळावरून चढ चढण्याची नसते. ज्यांनी मॅरेथॉन आणि एखादी पन्नास किलोमीटरची ट्रेल, म्हणजे डोंगर-रानातील वाटांवरची, शर्यत पूर्ण केली आहे आणि आता ८०, १०० किंवा १६० किलोमीटरचे अल्ट्रा, म्हणजे मॅरेथॉनहून लांबचे, अंतर गरम हवेत पार करण्याचा विचार आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांना पूर्वी उष्माघात झाला आहे, जे रक्तदाब, लघवी वाढवणे, ॲलर्जी किंवा मानसिक आजारावरील औषधे घेतात, किंवा ज्यांना हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढील एकही सूचना अमलात आणू नये.

उष्णतेचा जमाखर्च

धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम पाव भाग हालचालीच्या कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. सपाटीवर धावण्यासाठी शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दर किलोमीटरला सुमारे एक किलोकॅलरी लागते, हा ढोबळ नियम धरला, तर ६० किलो वजनाचा धावपटू ताशी ८ किलोमीटर वेगाने तासाला ४८० किलोकॅलरी खर्च करतो आणि त्यातील साडेतीनशेहून अधिक किलोकॅलरी उष्णतेच्या रूपाने शरीराबाहेर टाकाव्या लागतात. एक लिटर घाम त्वचेवरून वाफ होऊन उडाला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. म्हणजे त्या धावपटूला तासाला सहाशे-साडेसहाशे मिलिलिटर घाम पुरावा. पण अट अशी की तो घाम उडाला पाहिजे; कोपरावरून टपकून जमिनीवर पडलेला घाम शरीराला काडीचाही गारवा देत नाही, फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो.

या हिशेबामुळेच केवळ तापमानाचा आकडा पाहून शर्यतीची कल्पना करणे धोक्याचे ठरते. ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असलेल्या मुंबईच्या हवेत ओल्या कापडात गुंडाळलेली तापमापी साधारण २८ अंश दाखवील. ४० अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असलेल्या वाळवंटी हवेत तीच तापमापी २१ अंशांच्या आसपास राहील. हा आकडा जितका जास्त, तितके घाम उडणे कठीण. घाम उडण्याच्या दृष्टीने पाहिले, तर मुंबईची हवा अधिक क्रूर आहे. पण कोरड्या हवेचा धोका निराळा असतो. तेथे घाम बाहेर पडताक्षणी उडून जातो, अंगरखा कोरडा राहतो, आणि चिंब भिजण्याची सवय असलेल्या मुंबईकराला वाटते की आज आपल्याला घामच येत नाही. तो पाणी कमी पितो, वेग वाढवतो आणि तीन-चार तासांनी त्याचे फळ भोगतो. राजस्थान, कच्छ किंवा कॅलिफोर्निया येथील शर्यतीला जाणाऱ्याने ही फसगत आधीच ओळखून ठेवावी. मुंबईत कोरड्या उष्णतेचा अनुभव क्वचितच मिळतो, पण मिळतो. मार्चमध्ये जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे जोर धरतात, समुद्रावरचे वारे उशिरा सुरू होतात आणि पारा अचानक चढतो. सांताक्रूझ येथे २८ मार्च १९५६ रोजी नोंदवले गेलेले ४१.७ अंश तापमान अशाच मोसमातले आहे. असे दिवस सावधपणे, थोड्या वेळासाठी, सरावाला वापरून घ्यावेत. मात्र हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला असेल, तर त्या दिवशी दुपारी धावू नये.

शरीराला सवय लावणे

उष्णतेशी जुळवून घेण्याची शरीराची क्षमता आश्चर्यकारक आहे, आणि माझ्या मते या संपूर्ण तयारीत इतक्या कमी कष्टांत इतका मोठा लाभ देणारी दुसरी गोष्ट नाही. साधारण दहा ते चौदा दिवस रोज तासभर ते दीड तास शरीर आतून तापू दिले, तर पहिल्या काही दिवसांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडू लागतात, घाम लवकर व अधिक येऊ लागतो आणि त्यातील मिठाचे प्रमाण घटते. हा लाभ टिकाऊ नसतो. उष्णतेशी संबंध तुटल्यावर दोन-चार आठवड्यांत तो बराचसा ओसरतो. म्हणून ही सवय शर्यतीच्या आधीच्या तीन आठवड्यांत लावावी आणि शेवटच्या आठवड्यात दोन-तीन छोट्या फेऱ्यांनी टिकवावी.

प्रत्यक्षात करायचे ते इतकेच, की पहाटेची फेरी सकाळी साडेआठ-नऊ किंवा दुपारी साडेचारकडे सरकवावी, वेग नेहमीपेक्षा बराच कमी ठेवावा आणि गप्पा मारता येतील इतक्याच दमाने धावावे. पहिले दोन दिवस अर्धा तास पुरे. नोकरीमुळे दिवसा बाहेर पडणे अशक्य असेल, तर खिडक्या बंद करून, एसी व पंखा न लावता ट्रेडमिलवर चालले तरी चालते. धावणे संपल्यावर लगेच ४० अंशांच्या गरम पाण्यात मानेपर्यंत बसण्याची पद्धतही उपयोगी ठरलेली आहे, पण टब असलेले न्हाणीघर मुंबईच्या किती घरांत सापडणार? त्याऐवजी व्यायामशाळेतील सॉना, म्हणजे तापवलेली बंद खोली, वीस ते तीस मिनिटे वापरावा, आणि तोही सोबत कोणी असताना. ताप, जुलाब किंवा रात्रीचे जागरण झाले असेल, तर त्या दिवशी हा प्रयोग टाळावा. आदल्या दिवशीचा उष्म्याचा ताण उतरलेला नसताना दुसऱ्या दिवशी पुन्हा जोर करणारे धावपटूच बहुधा आजारी पडतात.

सरावासाठी वाटा

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा सहा-सात किलोमीटरचा रस्ता चढउताराच्या सोप्या सरावाला उत्तम आहे. तो डांबरी आहे, उघडण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत आणि परवानगीशिवाय रस्ता सोडून रानात शिरणे हा गुन्हा आहे; बिबट्यांच्या घरात आपण पाहुणे आहोत, हे तेथे विसरू नये. खऱ्या चढाईसाठी कर्जत लोकलने नेरळ गाठावे. नेरळ ते माथेरान ही सुमारे साडेसातशे मीटरची चढण, वर जांभ्याची तांबडी धूळ आणि झाडांच्या सावलीतील वाटा, आणि दस्तुरीच्या पुढे मोटारींना बंदी, यांमुळे एका दिवसात दोन-तीन वेळा चढून-उतरून लांब अंतर पुरे करता येते. लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणारी सुमारे पंधरा किलोमीटरची वाट उघडी आणि बरीचशी सपाट असल्याने उन्हात संथ पण सलग धावण्याचा सराव तेथे चांगला होतो, आणि राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या उधेवाडीत जेवणापाण्याची सोय होते.

उन्हाळ्यातील सह्याद्रीविषयी दोन-तीन गोष्टी मात्र बजावून सांगितल्या पाहिजेत. पावसाळ्यात खळाळणारे ओढे मार्चपर्यंत कोरडे पडलेले असतात, आणि नकाशावर दिसणाऱ्या टाक्यातील पाणी पिण्याजोगे असेलच असे नाही. म्हणून वाडी ते वाडी अंतर मोजून किमान दोन ते तीन लिटर पाणी पाठीवर घ्यावे. वाळलेल्या गवतावर आणि घसाऱ्यावर उतरताना पाय सटकतो, त्यासाठी खोल खाचांच्या तळव्याचे बूट हवेत. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. उग्र वासाचे सुगंधी फवारे अंगावर मारून त्यांच्या जवळून जाऊ नये. दूर कोठे वणव्याचा धूर दिसला, तर वाट बदलावी. एकट्याने जाऊ नये, आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवावी.

पाणी आणि मीठ

किती पाणी प्यावे, याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही, म्हणून आपला घाम आपणच मोजावा. शर्यतीसारख्या हवेत, शर्यतीच्याच वेगाने एक तास धावावे; आधी व नंतर अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन करावे. वजन ६२ किलोवरून ६१.१ झाले आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायले गेले, तर घाम तासाला १.४ लिटर आला. दमट आणि कोरड्या, अशा दोन्ही हवेत ही चाचणी केली तर फरक लक्षात येतो. हा सगळा घाम भरून काढण्याचा हट्ट धरू नये. बहुतेकांच्या पोटाला तासाला आठशे मिलिलिटर ते एक लिटर यापेक्षा जास्त पाणी सोसत नाही, आणि दीर्घ शर्यतीत शरीरातील इंधनाचा साठा जळत असल्याने वजन दोन-तीन टक्क्यांनी उतरणे स्वाभाविकच आहे. तहान लागेल तसे, पण घोटाघोटाने आणि सतत प्यावे. साधारणपणे ताशी चारशे ते आठशे मिलिलिटरमध्ये बहुतेकांचा निर्वाह होतो.

जास्त पाणी पिणे हे कमी पिण्याइतकेच, किंबहुना अधिक घातक ठरू शकते. नुसते पाणी पोटात ओतत राहिले की रक्तातील सोडियम विरळ होते. बोटे सुजतात, अंगठी व घड्याळ घट्ट होते, डोके दुखते, उलट्या होतात आणि पुढे झटके येऊन जीवही जाऊ शकतो. शर्यतीच्या मध्यावर वजन सुरुवातीपेक्षा वाढलेले आढळले, तर पाणी थांबवावे आणि वैद्यकीय पथकाला गाठावे. ही लक्षणे थकव्यासारखीच भासत असल्याने सोबत्याने प्रेमापोटी आणखी एक बाटली पुढे करणे हे अशा वेळी सर्वांत वाईट.

एक लिटर घामातून सुमारे ५०० ते १८०० मिलिग्रॅम सोडियम जाते. माणसामाणसांत इतका फरक असतो. ज्याच्या टोपीवर आणि काळ्या बनियनवर पांढरे पट्टे उमटतात, त्याने स्वतःला खारट घामाचा समजावे. पाव चहाचा चमचा मीठ म्हणजे सुमारे दीड ग्रॅम, आणि त्यात सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असते. हे प्रमाण लक्षात ठेवले की महागड्या गोळ्यांवाचून काम भागते. लिटरभर पाण्यात एवढे मीठ, लिंबू आणि चवीपुरती साखर घातली की पेय तयार होते. औषधांच्या दुकानात मिळणारे, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेले ओआरएस पाकीट लिटरभर पाण्यात घेतले, तर त्यात सोडियम भरपूर असते, पण साखर साडेतेरा ग्रॅमच असल्याने त्यावर भूक भागत नाही. खारवलेले ताक, कोकम सरबत, मीठ घातलेले कैरीचे पन्हे यांचाही आलटून पालटून उपयोग करावा; बाराव्या तासाला गोड पेयाची शिसारी येते, तेव्हा आंबट-खारट चवच घशाखाली उतरते. मिठाने पेटके हमखास थांबतात, असा मात्र भरवसा धरू नये. पेटक्यांचे कारण पुष्कळदा थकलेला स्नायू हेच असते.

खाणे

उष्णतेत रक्त एकीकडे त्वचेकडे आणि दुसरीकडे स्नायूंकडे वळते, त्यामुळे आतड्यांच्या वाट्याला ते कमी येते. एरवी पचणारे अन्न अशा वेळी तसेच पडून राहते आणि मळमळ सुरू होते. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके हे लक्ष्य ठेवावे. ९० ग्रॅमपर्यंत जाणारे धावपटू असतात, पण त्यासाठी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे मिश्रण आणि महिनोन् महिने पोटाचा सराव लागतो. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम, चार-पाच खजुरांत तेवढेच, असा घरगुती हिशेब करावा. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, मऊ भात, नाचणीची पातळ आंबील, राजगिऱ्याची वडी हे पदार्थ मुंबईकरांच्या पोटाला ओळखीचे असतात. शेंगदाण्याची चिक्की थंडीतल्या शर्यतीत छान, पण भर दुपारी तिच्यातील तेल पचायला जड जाते, म्हणून ती रात्रीसाठी राखून ठेवावी.

उलटी झाली म्हणून शर्यत संपली असे नाही. वेग एकदम कमी करावा, सावलीत बसावे, डोके व मान भिजवावी, दहा-पंधरा मिनिटे काहीही पोटात ढकलू नये आणि मग एकेक घोट घेत परत सुरुवात करावी. आलेपाकाचा तुकडा जिभेखाली धरल्याने अनेकांना बरे वाटते. पोट बिघडण्याचे खरे कारण बहुधा अन्न नसून तापलेले शरीर असते. ते गार झाले की पोटही शांत होते.

अंगावर काय असावे

सैल, फिक्या रंगाचा, पातळ कृत्रिम धाग्याचा लांब बाह्यांचा सदरा उन्हापासून रक्षण करतो आणि भिजवलाही जातो. मानेवर झालर असलेली टोपी हवी. सर्वांत उपयुक्त वस्तू मात्र आपल्या घरातच असते, ती म्हणजे पातळ सुती पंचा. त्यात बर्फाचे खडे गुंडाळून तो मानेभोवती बांधावा. बर्फ वितळत जातो तसतसे पाणी छातीवर आणि पाठीवर ओघळते. कॅलिफोर्नियातील वेस्टर्न स्टेट्स या शंभर मैलांच्या शर्यतीत जूनअखेरच्या उन्हात धावणारे टोपीत, बाह्यांत आणि गळ्याभोवती बर्फ भरूनच खोल दऱ्या पार करतात, आणि वाटेतल्या ओढ्यांत काही क्षण सरळ आडवे होतात. पाणी थोडेच असेल, तर त्यातील किती प्यावे आणि किती अंगावर ओतावे, हा प्रश्न पडतो. कोरड्या हवेत दोन घोट कमी पिऊन ते मानेवर ओतणे पुष्कळदा अधिक फायद्याचे असते. जांघा, काखा आणि स्तनाग्रांना व्हॅसलीन सुरुवातीपासून आणि दर काही तासांनी लावावे. अंगावर ओतलेले पाणी शेवटी बुटांत जाते, म्हणून सुके मोजे जादा ठेवावेत.

शर्यतीचा दिवस

थंड हवेतील आपला वेग विसरून जावा. घड्याळातील वेगाऐवजी श्वास आणि हृदयाचे ठोके यांवर लक्ष ठेवावे; त्याच श्रमाला ठोके चढत चालले, तर शरीर तापत आहे असे समजून पावले आखूड करावीत. पहाटेच्या गारव्यात वेळ कमावून ठेवण्याचा मोह बहुतेकांना होतो, कारण पुढे ऊन आहे हे माहीत असते. थोडीशी घाई समजण्यासारखी आहे. पण दहा वाजता दमछाक झालेली असेल, तर ते कमावलेले अर्धे तास दुपारी दुपटीने परत करावे लागतात. चढ पहिल्यापासून चालतच चढावेत. साधारण बारा ते चार या वेळात शर्यत जिंकायची नसते, ती फक्त बिघडू द्यायची नसते. वेस्टर्न स्टेट्ससारख्या शर्यतीत ३० तासांची मर्यादा असते. तेवढ्या वेळात दुपारी सावलीत दहा मिनिटे बसण्याने काही बिघडत नाही, आणि सूर्य कलल्यावर शाबूत पायांनी पुढच्यांना गाठता येते. प्रत्येक थांब्यावर क्रम एकच ठेवावा: आधी अंग गार करणे, मग बाटल्या भरणे, मग खाणे.

वेदनाशामक गोळ्यांविषयी तडजोड नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे निर्जलीकरण, उष्णता आणि झिजलेले स्नायू यांच्या जोडीला मूत्रपिंडावर घातक ताण आणतात. शर्यतीआधी, शर्यतीत आणि लगेच नंतरही ती घेऊ नयेत.

केव्हा थांबावे

चक्कर, थंडी वाजणे, अंगावर काटा, तोल जाणे ही थांबून गार होण्याची खूण आहे. पण बोलणे असंबद्ध होणे, विनाकारण चिडणे, पुढचा थांबा कोणता हे न सांगता येणे, ही उष्माघाताची लक्षणे असू शकतात आणि तेथे निर्णय धावपटूवर सोडता येत नाही. शरीराचे आतील तापमान ४० अंशांच्या वर गेले असले, तरी घाम चालूच असू शकतो. त्वचा कोरडी पडण्याची वाट पाहू नये. सोबत्याने अशा वेळी माणसाला सावलीत आडवे करावे, जादा कपडे काढावेत, मिळेल त्या सगळ्या पाण्याने अंग भिजवून पंच्याने जोराने वारा घालावा, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवावा. पिंप किंवा टब असेल, तर डोके धरून ठेवून मानेपर्यंत थंड पाण्यात बसवावे. भान नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे, पण रुग्णवाहिका येईपर्यंत गारवा देणे थांबवू नये. आधी थंड करणे आणि मग हलवणे हाच वैद्यकीय नियम आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर उष्माघाताने ज्यांचे प्राण गेले, ते काही धावत नव्हते, ते एका सोहळ्याला आले होते. एवढ्यावरून आपल्या हवेची ताकद ओळखावी.

शर्यतीनंतर

अंतिम रेषा ओलांडल्यावर एकदम बसू नये. पाच-दहा मिनिटे हळू चालावे, मग पाय उंच ठेवून सावलीत पडावे. खारट आमटी-भात किंवा पेज घेऊन त्यासोबत तहानेप्रमाणे पाणी प्यावे. लघवीकडे लक्ष ठेवावे: ती कोकमासारखी किंवा काळ्या चहासारखी गडद असेल, किंवा सहा-आठ तास झालीच नाही, तर स्नायूंतील घटक रक्तात उतरून मूत्रपिंडावर ताण आल्याची शक्यता असते, आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रक्ततपासणी करून घ्यावी. रात्रभर जागलेल्या माणसाने स्वतः गाडी चालवत द्रुतगती मार्गाने मुंबईला परतू नये. चालक आधीच ठरवून ठेवावा किंवा मुक्काम एक दिवस वाढवावा.